पट्टी दोन पायऱ्या खाली

आमच्या कन्येने मला रेडिओवर पाहुणा म्हणून यायचं निमंत्रण दिलं, तेव्हा मी अजिबात आश्चर्य दाखवलं नाही. इतकी वर्षं माझं गाण्यांवरचं भाष्य घरातल्या घरात वाया चाललं होतं. ते कधीतरी योग्य ठिकाणी पोचणार याची मला खात्रीच होती. हेच निमंत्रण माझ्याआधी एका गिर्यारोहकाला, एका नाटकवाल्याला आणि एका निवृत्त न्यायाधीशांना गेलं होतं आणि तिघांनीही ऐन वेळी अंग काढून घेतलं होतं, हा तपशील मात्र तिने उगाच सांगितला. त्याची काही गरज नव्हती.

गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रात ती वर्षभर दुसऱ्यांच्या कार्यक्रमांची बटणं दाबत होती. आता तिला स्वतःचा कार्यक्रम मिळाला होता. शुक्रवारी संध्याकाळी, थेट. पाहुण्याने आपली सध्याची आवडती गाणी सांगायची, तिने ती वाजवायची आणि मधे गप्पा मारायच्या. पहिला कार्यक्रम जमला तर पुढे चालू, नाही तर पुन्हा बटणं, असं केंद्रप्रमुख बाईंनी तिला स्वच्छ बजावलं होतं. हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं. एकाच घरात राहणाऱ्या मुलीने फोन कशाला करावा, तर निमंत्रण रीतसर असावं म्हणून. गुण बापाचे.

"सहा गाणी द्या, बाबा. आणि सध्याची हं. तुमच्या कॉलेजातली नकोत. हल्ली तुमच्या डोक्यात जी घोळतायत ती. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं लिहा. आणि खरी सांगा."

"मी खोटं कधी बोलतो?"

"चार लोकांसमोर तुम्ही वेगळंच काहीतरी बोलता. आवाजसुद्धा बदलतो."

तिचा स्वतःचा आवाज त्या वेळी नेहमीपेक्षा बारीक लागला होता. पोर घाबरली होती. मी मनाशी म्हटलं, हा कार्यक्रम पडू द्यायचा नाही. यादी अशी करायची की केंद्रप्रमुख बाईंनी उठून उभं राहिलं पाहिजे.

सहा गाणी लिहायला कितीसा वेळ लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी शेजाऱ्यांच्या देखत कधी यादी केलेली नसते. ही बातमी आमच्या सौभाग्यवतींनी गॅलरीतून एकदाच, तीही हळू आवाजात सांगितली, आणि तासाभरात शेजारचे निवृत्त मास्तर येऊन खुर्चीत बसले. मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे त्यांना सगळ्या विषयांची दिशा माहीत असते.

"यादीत निदान दोन गाणी अशी टाका, जी तुम्हाला स्वतःला समजत नाहीत," ते म्हणाले. "त्याशिवाय यादीला वजन येत नाही."

समोरच्या वहिनींचा आग्रह होता की त्यांच्या चिरंजीवांचं गाणं घ्यावं. गाणं अप्रतिम होतं, फक्त अजून रेकॉर्ड व्हायचं होतं. चाल लावायचीही राहिली होती. मी विचार करतो म्हणालो. आमच्या घरात विचार करतो याचा अर्थ नाही असा होतो, पण वहिनींना आमच्या घरातली भाषा येत नाही. त्या उसनी साखर घेऊन आनंदाने गेल्या.

"मुलीने खरी सांगा म्हटलंय ना," आमची ही म्हणाली, "मग पहिलं मलमाचं लिहा. दोन महिने अंघोळीला तेच चालू आहे."

हे मात्र खरं होतं. टाचांच्या भेगांवर लावायच्या मलमाची एक जाहिरात रेडिओवर लागते. तिच्यात 'भेगा' या शब्दावर ती गायिका जी हरकत घेते, तिला तोड नाही. हरकत म्हणजे गाण्यातली, आमच्या ऑफिसातली नव्हे. त्या एका हरकतीपोटी मी टाचा धडधाकट असताना त्या मलमाच्या डब्या विकत घेतल्या आहेत. जाहिरातीचं गाणं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी 'भेगा' हा शब्द सुरात म्हणून दाखवावा.

दुसरं गाणं मी फक्त छतातून ऐकलेलं होतं. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडून दर सकाळी एक संथ, गंभीर चाल सुरू होई, ती हळूहळू चढत जाई आणि शेवटी अशी काही द्रुत लयीत शिरे की माझा हातातला पेपर आपोआप हलू लागे. शब्द नव्हते. मला वाटलं, परदेशातली एखादी नवी वाद्यरचना असणार. शेवटी मी वर जाऊन दार वाजवलं.

"डॉक्टर, तुम्ही रोज सकाळी लावता ते काय आहे?"

"कपडे," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या धुलाई यंत्राचा एक पाय मोडला होता. त्याखाली त्यांनी दंतशास्त्राचा एक ग्रंथ ठेवला होता, त्यामुळे त्याला तो सूर लागत होता. त्रास होत असेल तर दुरुस्त करून घेतो, असं ते म्हणाले. मी त्यांना तसं न करण्याची कळकळीची विनंती केली. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि दाढ दुखत असेल तर संकोच करू नका असं सांगून दार लावलं. मी यादीत तेच दुसरं ठेवलं. जे आवडलं ते आवडलं. त्याचं मूळ आणि कूळ विचारत बसणारा मी माणूस नाही.

तिसरं एका परक्या भाषेतलं. त्यात माझ्या समजुतीप्रमाणे कोणीतरी कोणाकडे तरी छत्री मागतं आहे. यामुळे मास्तरांचीही अट निम्मी पुरी झाली. चौथं एक दणदणीत चालीचं होतं, पण त्यातला ताल धरणारा मधेच ढेपाळत होता. पाचवं एका नव्या गायिकेचं होतं. आवाज सोन्यासारखा, पण पट्टी इतकी वरची की तिच्याबरोबर गायला गेलं की मला खोकला लागे. आवडत्या गाण्याचे दोष मी हटकून लिहितो. दोष माहीत असूनही आवडतं, त्याचं नाव आवड.

आणि सहावं. सहाव्याबद्दल मी घरात कोणालाही बोललो नव्हतो. सकाळी चहा टाकताना आमची कन्या ओट्याशी उभी राहून काहीतरी गुणगुणते. कोणाचं आहे, कुठून शिकली, मला माहीत नाही. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकतो. विचारलं तर ती लाजून थांबेल, म्हणून कधी विचारलं नाही. सध्याच्या गाण्यांत मला सगळ्यांत आवडतं ते हे.

आता यादी प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल. मी नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात वरिष्ठ लिपिक आहे, आणि मला टिपणीच्या कागदाशिवाय विचार करता येत नाही. वर विषय, डावीकडे समास, पुढे क्रमांक घातलेले परिच्छेद, तळाला 'मान्यतेस सादर' आणि सही. हाताला वळणच तसं पडलं आहे. एकदा वाण्याला दिलेल्या यादीखालीही मी 'मान्यतेस सादर' लिहिलं होतं आणि वाण्याने साबण नामंजूर केला होता. तेव्हा ही यादीसुद्धा मी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, माझ्या टेबलावर, टिपणीच्या दोन कागदांवर लिहिली. पहिल्या कागदावर विषय आणि पहिली तीन गाणी. चौथ्या गाण्याचं नाव पहिल्या कागदाच्या शेवटच्या ओळीत बसलं, आणि पाचव्याचं नाव नंतर समासात लिहायचं ठरवलं, ते लिहायचं राहिलं. थोडक्यात, दुसऱ्या कागदावर एकाही गाण्याचं नाव नव्हतं. त्यावर होतं ते असं:

"४. ठेका सुरुवातीला जोमदार, मधेच दम तोडतो. दोन्ही हात नीट चालत नसावेत. शेवटी नुसती घाई. ठेका बदलल्यास लोकांत उत्साह येईल.

५. पट्टी विनाकारण चढवलेली आहे. सर्वसामान्य माणसाचा गळा इतका ताणला जाऊ नये. दोन पायऱ्या खाली आणल्यास घराघरांत लोक आनंदाने गुणगुणतील.

६. हे नेमकं कोणाचं आहे ते माहीत नाही. रोज सकाळी आमच्याच स्वयंपाकघरात चालू असतं. चौकशी केल्यास बंद होईल, म्हणून केलेली नाही.

मान्यतेस सादर."

खाली माझी सही, हुद्द्यासकट.

संध्याकाळी घरी आल्यावर खिशात एकच कागद निघाला. दुसरा पंख्याने कुठेतरी उडाला असेल म्हणून मी तो पुन्हा लिहून काढला आणि विषय संपवला. पण तो उडून गेला होता तो टेबलावरच्या उघड्या फायलीत, आणि ती फाईल होती पाणीपट्टी वाढवण्याच्या प्रस्तावाची. आमच्या कार्यालयात एखादी फाईल कुठे अडेल सांगता येत नाही. पण आत काय आहे हे कोणालाच माहीत नसेल तर ती फार वेगाने जाते. ती उपमुख्याधिकाऱ्यांकडे गेली, त्यांनी 'सहमत' लिहिलं. मुख्याधिकारी साहेबांकडे गेली, त्यांनी 'सहमत' लिहून खाली दुहेरी रेघ मारली.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. त्यामुळे बुधवारी सकाळी नळगळती दुरुस्तीचा ठेका ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसले, तेव्हा मला वाटलं, रेडिओची बातमी इथवर पोचली.

"भाऊसाहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही काहीतरी लिहिलंय असं कानावर आलं. ठेक्याबद्दल."

"लिहिलंय की," मी म्हणालो. या माणसाला संगीताचं अंग असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला.

"नेमकं काय खटकलं?"

"सुरुवात फार छान आहे हो. पण पुढे झोप लागल्यासारखं होतं. आणि शेवटी शेवटी नुसती पळापळ."

गृहस्थांनी घाम पुसला. "वर्षअखेरीला थोडी घाई होते, नाही म्हणत नाही मी. पण माणसं कमी पडतात."

"माणसांचा प्रश्नच नाही. एकटा माणूस पुरतो. फक्त त्याने हात सैल सोडला पाहिजे."

"हात सैल सोडायला पाहिजे," त्यांनी सावकाश माझे शब्द परत म्हटले.

"अगदी. तुमच्या लोकांचं तिथेच चुकतं. हात आखडला की ठेका गेला म्हणून समजा. मी इतकी वर्षं ऐकतोय ना."

ते उठून उभे राहिले. चेहरा पडला होता. "भाऊसाहेब, या कार्यालयात दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर वाईट वाटलं नसतं. तुम्ही सरळ माणूस आहात असं मी सगळीकडे सांगत होतो."

ते गेल्यावर मी बराच वेळ कौतुक करत बसलो. तालाबद्दल इतकं हळवं असणारी माणसं हल्ली राहिली नाहीत. ते गृहस्थ माझ्याकडून उठून थेट साहेबांकडे गेले आणि वरिष्ठ लिपिक तोंड उघडून लाच मागतात अशी तक्रार देऊन आले, हे मला नंतर कळलं.

त्याच दुपारी नगरपालिकेची सर्वसाधारण सभा होती. निवडणूक तोंडावर आलेली. नगराध्यक्षा बाईंनी पट्टीवाढीची फाईल उघडली, शेवटचा कागद वरच होता, तो मोठ्याने वाचला. 'सर्वसामान्य माणसाचा गळा इतका ताणला जाऊ नये' या वाक्याला दोन्ही पक्षांनी बाकं वाजवली. 'घराघरांत लोक आनंदाने गुणगुणतील' इथे एका सदस्याने डोळे पुसले म्हणतात. पट्टी वाढवायची सोडाच, दोन पायऱ्या खाली आणायचा ठराव एकमताने मंजूर झाला. ठेका बदलण्यासाठी समिती नेमली गेली. सहावा परिच्छेद आला तेव्हा मात्र सभागृह शांत झालं. पाणीपट्टी विभागाच्या वरिष्ठ लिपिकाने स्वतःच्या स्वयंपाकघरात बेकायदा नळजोडणी असल्याचं लेखी कबूल केलं होतं, वर तिची चौकशी करू नये असंही सुचवलं होतं.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळेला नळजोडणी तपासनीस दोन मजुरांसह आमच्या दारात उभे राहिले. हे माझ्याच विभागातले, रोज माझ्या डब्यातलं खाणारे.

"माफ करा भाऊसाहेब, वरून हुकूम आहे. स्वयंपाकघर कुठे?"

त्यांच्याकडे एक लांब लोखंडी कांडी असते. तिचं एक टोक भिंतीला आणि दुसरं कानाला लावलं की भिंतीतलं पाणी ऐकू येतं. त्यांनी ती ओट्यामागच्या भिंतीला लावली. ओट्याशी आमची कन्या पाठमोरी उभी होती, पातेल्यात चमचा फिरवत गुणगुणत होती. तिला अजून कोणाची चाहूल लागली नव्हती.

तपासनिसांनी डोळे मिटले. "चालू आहे," ते पुटपुटले. "काहीतरी चालू आहे नक्की."

ती दचकून वळली आणि गप्प झाली. "आता बंद झालं," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी वहीत तसं लिहूनही घेतलं.

काय घोटाळा झाला असेल ते माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं. पण ते वाक्य तिच्यासमोर बोलावं लागलं असतं आणि उद्याच्या कार्यक्रमाआधी मला तिला अवघडून टाकायचं नव्हतं. म्हणून मी मान ताठ ठेवून उभा राहिलो. मजुरांनी ओट्याखालची फरशी उचकटली. मास्तर दारात उभे राहून उत्तरेकडून खणा, दक्षिणेकडून खणा असं मार्गदर्शन करत होते. समोरच्या वहिनी साखर परत करण्याच्या निमित्ताने आल्या आणि शेवटपर्यंत थांबल्या. फरशीखाली माती निघाली आणि मातीखाली आणखी माती.

"तुम्ही केलंय तरी काय?" आमची ही म्हणाली.

"यादी," मी म्हणालो.

दुपारी साहेबांनी बोलावलं. मी खिशातून पहिला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. माझ्या नोकरीत साहेबांना काहीतरी वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचे ओठ हलत होते.

"म्हणजे हे गाण्यांबद्दल आहे," ते म्हणाले.

"होय साहेब."

"मग मी कशाला सहमत झालो?"

"चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या गाण्याला, साहेब."

त्यांनी पेपरवेट एकदा फिरवून बाजूला ठेवला. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं. "हे बघा. सभेने ठराव केलाय, गावात पेढे वाटले गेलेत, अभिनंदनाचे फलक लागलेत. मुख्याधिकाऱ्याने गाण्यांच्या यादीवर दुहेरी रेघ मारली हे बाहेर गेलं तर मी संपलो. आणि मी संपलो तर तुमच्यावर लाचेची तक्रार आहे, बेकायदा जोडणीची चौकशी आहे. निलंबन आजही निघू शकतं. किंवा दोन्ही मिटतात. तुम्ही ठरवा."

"मला काय करायचंय?"

"काही नाही. रेडिओवर जा. मुलीचा कार्यक्रम आहे, गेलंच पाहिजे. फक्त यादी कार्यालय देईल."

संध्याकाळपर्यंत मंजूर यादी टाइप होऊन आली. पाण्याची बचत, झाडांची लागवड, कचऱ्याचं वर्गीकरण, रहदारीचे नियम आणि करभरणा वेळेवर करण्याविषयी दोन. सगळी समूहगीतं. एकही गाणं कोणी स्वतःहून लावलं असेल असं वाटत नव्हतं. मी घरी काही बोललो नाही. माझी नोकरी थोडीच उरली आहे, आणि नोकरीभर माझ्या नावावर लाल शाईचा एक ठिपका नाही. तो शेवटी शेवटी पडावा असं मला वाटत नव्हतं. शुक्रवारी सकाळी कन्येचा चहा झाला तो गुणगुणण्याशिवाय. ओट्याखालच्या खड्ड्यावर फळी टाकून ती उभी होती.

रेडिओ केंद्रातली खोली आमच्या न्हाणीघरापेक्षा जराच मोठी होती. भिंतींना पुठ्ठ्याचे खवले लावलेले, मधे टेबल, दोन माइक. काचेपलीकडे केंद्रप्रमुख बाई हाताची घडी घालून उभ्या. आत शिरताना मी मंजूर यादी तिच्या हातात दिली. तिने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलणार तोच लाल दिवा लागला.

तिने सुरुवात ठीक केली. मग मी पहिलं गाणं सांगितलं. 'पाणी हा विषय आजच्या काळात अत्यंत महत्त्वाचा असून सदर गीतातून त्याचं उत्तम प्रबोधन होतं,' असं मी म्हणालो. माझा आवाज बदललाय हे मलाच ऐकू येत होतं. तिने गाणं लावलं. तीस-चाळीस माणसं एका सुरात नळ बंद करायला सांगत होती. काचेपलीकडे बाईंनी घड्याळ पाहिलं. कन्येचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. टेबलावरच्या तिच्या बोटांची नखं पांढरी पडली होती. लहानपणी इंजेक्शन घेताना पडायची तशी.

गाणं संपलं. तिने पुढच्या गाण्याचं नाव विचारायला हवं होतं. तिने माइक जवळ ओढला आणि म्हणाली, "बाबा, हे गाणं तुम्हाला खरंच आवडतं?"

निलंबनाचा आदेश कसा असतो हे मला पाठ आहे. असे कितीतरी मीच टाइप करून दिलेत. तरीही मी म्हणालो, "नाही."

"मग काय आवडतं?"

मग मी सगळं सांगितलं. मलमाची जाहिरात म्हणून दाखवली, 'भेगा'वरच्या हरकतीसकट. धुलाई यंत्राची लय टेबलावर बोटांनी वाजवून दाखवली. छत्रीचं गाणं माझ्या शब्दांत म्हटलं. ती इतकी हसली की तिला माइकपासून तोंड बाजूला घ्यावं लागलं, आणि काचेपलीकडे बाईंनी हाताची घडी सोडली. चौथ्याचा ठेका, पाचव्याची पट्टी, ते कागद कुठे गेले, सभेत काय झालं, आमच्या ओट्याखाली काय खणलं, सगळं गावाला सांगून टाकलं. ठेकेदार साहेब ऐकत असतील तर त्यांची माफीही मागितली. फक्त सहमत होणाऱ्यांचे हुद्दे मी सांगितले नाहीत. तेवढी शिस्त माझ्या अंगात आहे.

"आणि सहावं?" ती म्हणाली. "स्वयंपाकघरातलं. कोणाचं आहे ते माहीत नाही म्हणालात."

"तू चहा टाकताना गुणगुणतेस ते," मी म्हणालो. "मला ते फार आवडतं. तुला कळलं तर थांबशील, म्हणून मी कधी बोललो नाही."

बाई काचेला चिकटून उभ्या होत्या.

"ते कोणाचंच नाही, बाबा," ती म्हणाली. "मी केलंय ते. अजून पुरं व्हायचंय."

"मग आहे तेवढं म्हण."

तिने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. घाबरून तिने फार वर धरलं होतं. मी माइकची पर्वा न करता म्हणालो, "पट्टी चढली गं. दोन पायऱ्या खाली घे." तिने डोळे पुसले, खाली घेतलं, आणि जेवढं झालं होतं तेवढं सगळं म्हणून दाखवलं. माझ्या हातात पेपर नव्हता, त्यामुळे तोंड लपवायला काही नव्हतं. मी तसाच सगळ्यांसमोर रडलो.

शनिवारी मी टेबलाचा खण रिकामा करायच्या तयारीनेच कार्यालयात गेलो. वाटेत तीन अनोळखी माणसांनी मला 'भेगा' म्हणून हाक मारली. केंद्रप्रमुख बाईंनी कन्येला वर्षभराचा करार दिला होता आणि ते गाणं पुरं करायला सांगितलं होतं. तेव्हा खण रिकामा करताना मला फारसं वाईट वाटत नव्हतं. पट्टी खाली आली ती खालीच राहणार होती. निवडणुकीआधी ती पुन्हा वर नेण्याची छाती कोणात होती?

एवढ्यात साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. साहेब टेबलापाशी येत नाहीत, टेबल त्यांच्याकडे जातं. इकडे तिकडे पाहून त्यांनी खिशातून एक चौघडी कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वळणदार अक्षरात सहा गाणी लिहिली होती. तिसऱ्यापुढे 'हे ऐकून मी तरुणपणी घर सोडणार होतो' असंही लिहिलं होतं.

"तो खण आधी परत भरा. आणि तुमच्या मुलीला पुढच्या शुक्रवारी पाहुणा लागेल ना," साहेब म्हणाले. "आमच्या घरी सगळे म्हणाले, तुम्हीही जा. यादी बरी वाटली तर तेवढी सही करा आणि पुढे पाठवा."

"ठेवून जा, साहेब," मी म्हणालो. "मी आधी वाचतो."